एका इशाऱ्याचा इतिहास : प्रतिजैविके आणि कामकऱ्याची टाच



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून औषधांच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. माझे शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. परंतु हा विषय मी मुद्दाम निवडला, त्याला कारण आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, गिरणी नाही, दुकान नाही, त्याच्यापाशी विकावयास एकच वस्तू असते. ती म्हणजे अंगातले बळ. हे बळ हाडांचे आणि स्नायूंचे, असे आपण म्हणतो. पण स्नायूचे बळ हाडापर्यंत पोचविणारा जो दोर, त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. तो तुटला की माणूस जागच्या जागी बसतो. आज ज्या औषधांविषयी मला सांगावयाचे आहे, ती जीव वाचविणारी औषधे आहेत; आणि त्यांच्यामुळेच, क्वचित का होईना, हा दोर दुखावतो आणि तुटतोही. ही गोष्ट जगाला कशी कळली, कळावयास इतकी वर्षे का लागली, आणि कोणाच्या नोंदींमुळे कळली, हा आजचा विषय.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. स्नायूला हाडाशी बांधणारी जी चिवट, पांढरी दोरी, तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या मागे बोटांनी चाचपून पाहा. पोटरीपासून टाचेपर्यंत जी जाड शीर हाताला लागते, ती शरीरातली सर्वांत जाड कंडरा. पाश्चात्य वैद्यकात तिला अकिलीस या ग्रीक वीराचे नाव आहे. जिना चढताना, पाठीवर पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना सारा भार तिच्यावर येतो. दुसरा शब्द कूर्चा. सांध्याच्या आत हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत, लवचीक आवरण असते, ते कूर्चा. त्याच्यामुळे हाड हाडावर घासत नाही. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचा, कूर्चेला तर रक्तवाहिन्याच नाहीत. म्हणून ही दोन्ही दुखावली तर लवकर भरून येत नाहीत.

आता औषधाकडे वळू. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे नॅलिडिक्सिक अॅसिड. १९६२ साली अमेरिकेतील स्टर्लिंग-विन्थ्रॉप या संस्थेत जॉर्ज लेशर आणि त्यांचे सहकारी यांनी ते प्रसिद्ध केले. गंमत अशी की, त्याचा धागा हाती लागला तो हिवतापावरील क्लोरोक्विन तयार करण्याच्या कामातून उरलेल्या एका पदार्थात. लघवीच्या मार्गातील जंतूंवर ते चालू लागले. पुढे शास्त्रज्ञांनी याच रचनेत फ्लुओरीनचा एक अणू बसविला आणि औषधाचे बळ कितीतरी वाढले. जपानमध्ये नॉरफ्लॉक्सॅसिन झाले, जर्मनीत बायर कंपनीचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन झाले, मागून ओफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशी भावंडे आली. या सर्वांना मिळून फ्लुओरोक्विनोलोन म्हणतात. जंतूच्या पेशीत आनुवंशिक धाग्याची गुंडाळी सोडविणारी व घालणारी जी यंत्रणा असते, तिलाच ही औषधे अडकवून टाकतात; मग जंतू वाढू शकत नाही.

या औषधांचे स्वागत का झाले, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्यापूर्वी कठीण जंतुदोषावर रुग्णालयात पडून सुया टोचून घ्याव्या लागत. आता गोळी घरी घेता येऊ लागली. आपल्या देशात तर त्यांचे मोल विशेष. विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, क्लोरॅम्फेनिकॉल हे १९४८ पासूनचे हुकमी औषध. १९७२ साली केरळात कालिकत येथे त्याला न जुमानणारा विषमज्वर पसरला, आणि १९९० च्या सुमारास देशाच्या अनेक भागांत एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारा विषमज्वर दिसू लागला. त्या वेळी सिप्रोफ्लॉक्सॅसिनने असंख्य जीव वाचविले. ते गरिबाला परवडले, याचे श्रेय १९७० च्या पेटंट कायद्यालाही आहे. त्या कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी ठेवली नाही, फक्त ते तयार करण्याच्या पद्धतीवर ठेवली. त्यामुळे भारतीय कारखान्यांनी निराळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात काढले. हे औषध वैरी आहे असे सांगावयास मी उभा नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

परंतु पहिली धोक्याची खूण फार लवकर दिसली होती. १९७७ साली नॅलिडिक्सिक अॅसिड आणि त्याच्या जातीची आणखी दोन औषधे कुत्र्याच्या पिल्लांना देऊन पाहण्यात आली. पिल्ले लंगडू लागली. त्यांचे सांधे उघडून पाहिले, तो ज्या सांध्यांवर अंगाचा भार पडतो त्यांच्या कूर्चेला फोड आले होते आणि ती झिजली होती. याचा परिणाम चांगला झाला. वाढीच्या वयातील मुलांना ही औषधे शक्यतो द्यावयाची नाहीत, असा दंडक पडला. पुढे फुप्फुसाच्या काही असाध्य विकारांत आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात, दुसरा इलाज नसल्यामुळे, ती मुलांनाही द्यावी लागली. काही मुलांचे सांधे दुखले, आणि बहुतेकांचे पुढे बरे झाले. पिल्लांच्या सांध्यांचे जसे झाले तसे मुलांच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही. तरीही सावधगिरी राहिली, आणि ती योग्यच आहे. प्रयोगशाळेत दिसलेली खूण नोंदली गेली आणि मुलांना तिचा लाभ मिळाला.

मोठ्या माणसाच्या कंडरेचा इतिहास मात्र असा सरळ नाही. प्रयोगशाळेत कोणी तो शोधावयास निघाले नव्हते. १९८३ साली न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात तीन डॉक्टरांचे एक छोटे पत्र छापले गेले. मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णाला नॉरफ्लॉक्सॅसिन दिले असता टाचेमागची शीर सुजून दुखू लागली, एवढीच त्याची हकीकत. एक रुग्ण, एक पत्र. वाचणाऱ्याला वाटले असेल, योगायोग असेल. पण त्या डॉक्टरांनी ते योगायोग म्हणून सोडून दिले नाही, लिहून ठेवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची कृती हीच.

पुढची नऊ वर्षे अधूनमधून एखादी हकीकत येत राहिली. मग १९९२ साली फ्रान्समधून एकदम सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली; या औषधांच्या काळात त्यांच्या टाचेमागची कंडरा सुजली होती, आणि त्यांपैकी तिघांची तर तुटली होती. फ्रान्समध्ये पेफ्लॉक्सॅसिन नावाचे याच घराण्यातले औषध बरेच वापरले जात असे, हे एक कारण. पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे औषधांच्या अपायांची नोंद ठेवणारी विभागवार केंद्रे होती, आणि डॉक्टर तेथे कळवीत. ल्यों शहरातल्या रुग्णाची टाच आणि पॅरिसमधल्या रुग्णाची टाच एकाच वहीत आल्या, तेव्हा कुठे दिसले की हा योगायोग नव्हे.

अशा वह्या ठेवण्याची बुद्धी जगाला उगाच सुचली नव्हती. थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाने हजारो अर्भके हातापायांवाचून जन्मली, हे १९६१ साली उघडकीस आले. त्या आघातातून ब्रिटनमध्ये १९६४ साली पिवळ्या कार्डाची पद्धत सुरू झाली. डॉक्टरने अपाय पाहिला की कार्ड भरून पाठवावयाचे. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या अशा नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला. आम्हां कामगार संघटनेच्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. गिरणीत एकाचे बोट गेले तर मालक म्हणतो, त्याचेच चुकले. त्याच यंत्रावर तीन बोटे गेल्याची नोंद दाखविली, की मग यंत्राला जाळी बसते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि १९४८ चा कारखान्यांचा कायदा यांनी अपघात कळविण्याचे बंधन घातले, त्यामागचे तत्त्व हेच होते. कळविलेला अपघात हा पुरावा असतो, आणि न कळविलेला अपघात घडलाच नाही असे धरले जाते.

नोंदी झाल्या, म्हणजे काम झाले, असेही नाही. त्या कोणाच्या तरी मेजावर आपटाव्या लागतात. अमेरिकेत हे काम पब्लिक सिटिझन या नागरिकांच्या संस्थेने केले. राल्फ नेडर यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिने १९९६ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला, आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकात कंडरेच्या धोक्याचा उल्लेख आला. पण तो उल्लेख बारीक अक्षरांच्या गर्दीत कोठेतरी. दरम्यान २००२ साली ब्रिटनमधील सामान्य डॉक्टरांच्या नोंदवह्यांवरून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, हे औषध चालू असताना टाचेच्या कंडरेचे विकार सुमारे दुप्पट होतात. साठीच्या पुढे तिपटीहून थोडे अधिक. आणि साठीच्या पुढच्या माणसाला सोबत स्टेरॉइडही चालू असेल, तर सहापटीहून अधिक.

२००५ साली इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरलनी ठळक इशाऱ्याची मागणी केली. २००६ साली पब्लिक सिटिझनने पुन्हा अर्ज केला. नोव्हेंबर १९९७ ते डिसेंबर २००५ या काळात कंडरा तुटल्याच्या २६२ नोंदी प्रशासनाच्या स्वतःच्याच दप्तरात आहेत, हे तिने दाखविले. उत्तर आले नाही. जानेवारी २००८ मध्ये संस्था कोर्टात गेली, आणि त्याच वर्षी ८ जुलै रोजी प्रशासनाने काळ्या चौकटीतला इशारा छापण्याचा हुकूम काढला. न्यूझीलंडच्या त्या पत्रापासून चौकटीपर्यंत पंचवीस वर्षे! ज्याला आपल्या हक्कासाठी अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज आणि शेवटी कोर्ट हा रस्ता तुडवावा लागला आहे, त्याला हा इतिहास ओळखीचा वाटेल.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१३ साली मज्जातंतूंना होणाऱ्या अपायाचा इशारा कडक झाला. २०१६ साली अमेरिकेने सांगितले की कंडरा, सांधे, स्नायू व मज्जातंतू यांना होणारे हे अपाय कधी कधी कायमचे राहू शकतात. म्हणून साधा सायनस, साधा खोकला, लघवीचा साधा जंतुदोष यांवर दुसरे औषध चालत असेल तर हे देऊ नये. युरोपच्या औषध संस्थेने १३ जून २०१८ रोजी लंडनमध्ये जाहीर सुनावणी घेतली आणि ज्यांना अपाय झाला त्या रुग्णांना समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकले. त्यानंतर तेथेही वापरावर बंधने आली, आणि मूळ पुरुष नॅलिडिक्सिक अॅसिड युरोपातून मागे घ्यावे अशी शिफारस झाली. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने तर असे ठरविले की, नेहमीची इतर प्रतिजैविके चालत नसतील तेव्हाच ही औषधे द्यावीत.

हे औषध कंडरेला का बाधते, याचा उलगडा पुरता झालेला नाही. पण काही धागे हाती आले आहेत. ही औषधे मॅग्नेशियमला चिकटतात. धातूंना चिकटण्याच्या याच गुणामुळे ती दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेऊ नयेत असे सांगतात. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पिल्लांना मॅग्नेशियम कमी पडेल असा आहार दिला, तेव्हा कूर्चेची तशीच झीज दिसली. शिवाय कंडरेच्या पेशींवर प्रयोग केले असता दिसले की, नवा तंतू विणण्याचे काम मंदावते आणि जुना तंतू कुरतडणारे रस वाढतात. दोर नवा वळला जात नाही आणि जुना झिजत जातो. त्यावर रोजचा भार चालूच असतो.

या इतिहासातील ज्या एका ओळीने मला आज येथे उभे केले, ती आता सांगतो. अमेरिकेच्या इशाऱ्यात कंडरा तुटण्याचा संभव वाढविणारी कारणे दिली आहेत. साठीच्या पुढचे वय, स्टेरॉइड, मूत्रपिंड, हृदय वा फुप्फुस बदललेले असणे, ही तर आहेतच. त्यांच्याबरोबर मूत्रपिंडाचा विकार, कंडरेचे जुने दुखणे आणि अंगमेहनतीचे जड श्रम यांचाही उल्लेख आहे. जड श्रम! साहेबांच्या देशात हा उल्लेख वाचून खेळाडूंची आठवण होत असेल. मला बाजार समितीतल्या हमालाची आठवण होते. बारा बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या विणकराची, विटा वाहणाऱ्या बाईची, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढणाऱ्या तोडणी कामगाराची आठवण होते. श्रम हा त्यांचा छंद नव्हे, तो त्यांचा धंदा आहे. तो थांबविला तर त्या दिवसाची मजुरी गेली.

म्हणूनच त्यांची दुखापत वहीत येत नाही. विचार करा. हमालाला ताप येतो किंवा लघवीची जळजळ होते. दुकानातून गोळ्या येतात; जुन्या दम्यावर किंवा गुडघेदुखीवर स्टेरॉइडची गोळी आधीच चालू असते, आणि ती काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ताप जातो. टाच दुखू लागते. हे दुखणे औषध सुरू झाल्यापासून दोन दिवसांत येऊ शकते, आणि औषध संपून कित्येक महिने लोटल्यावरही येऊ शकते. त्याला वाटते, पाय मुरगळला असेल, वय झाले. घरची माणसे तेल लावतात. तो पोते उचलतो, आणि एके दिवशी टाचेत काडकन आवाज होतो. डॉक्टर विचारतो, काय उचलत होतास? महिन्यापूर्वी काय गिळले होतेस, हे कोणी विचारत नाही. दोष पोत्याचा ठरतो. वही कोरी राहते.

इटलीतील मोडेना शहरी १७०० साली बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारावयाचे ते परंपरेने ठरलेले होते. त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही प्रत्येक दवाखान्यात विचारला जात नाही. तो विचारला गेला, तर हमालाला हे औषध देण्यापूर्वी डॉक्टरचा हात क्षणभर थांबेल, आणि द्यावेच लागले तर तो दोन शब्द समजावून देईल.

कोणी म्हणेल, हा धोका किती मोठा? प्रामाणिक उत्तर असे की, तो थोडा आहे. त्याच ब्रिटिश अभ्यासाच्या हिशेबाने हजार माणसांनी वर्षभर हे औषध घेतले, तर त्यापायी टाचेच्या कंडरेचे विकार तिघाचौघांना अधिक होतील; आणि माणूस ते घेतो बहुधा आठवडाभर. पण थोड्या धोक्याला कोट्यवधी गोळ्यांनी गुणले म्हणजे माणसांची संख्या थोडी राहत नाही. दुसरीकडे, ज्याला औषधांना दाद न देणारा क्षय झाला आहे त्याच्यासाठी हे घराणे आधार आहे. त्यावरील ज्या सहा महिन्यांच्या नव्या औषधोपचाराला आपल्या सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली, त्यातही मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे. क्षय झालेल्या विणकराने टाचेच्या भीतीने गोळी टाकून देणे म्हणजे शीर वाचविण्यासाठी जीव घालविणे होय. जेथे जीव पणाला लागला आहे तेथे धोका पत्करावा. साध्या सर्दीपडशासाठी पत्करू नये. एवढाच या साऱ्या इशाऱ्यांचा अर्थ आहे.

मग आपण काय करावयाचे? ही औषधे चिठ्ठीवाचून विकावयाची नाहीत असा कायदा आहे. मार्च २०१४ पासून या घराण्यातील लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांसारख्या औषधांच्या विक्रीची दुकानदाराने वेगळी नोंद ठेवावी, असाही नियम झाला. चिठ्ठीवाचून गोळी मागणारे आपणच असतो, हेही खरे. गोळी घेताना डॉक्टरला आपला धंदा सांगा, वय सांगा, दुसरी कोणती गोळी चालू आहे ते सांगा. औषध चालू असताना किंवा पुढच्या काही महिन्यांत टाच, खांदा किंवा मनगट दुखू लागले, तर भार उचलणे थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. पुढची गोळी घ्यावी की नाही हे त्यालाच विचारा. क्षयाच्या रोग्याने तर आपल्या मनाने औषध मुळीच सोडू नये.

आणि दुखापत झाली तर ती नोंदवा. आपल्या देशात औषधांच्या अपायांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याची मध्यवर्ती कचेरी गाझियाबाद येथे आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, आणि डॉक्टरच पाहिजे असे नाही, रोगी स्वतःही कळवू शकतो. संघटनांच्या कचेऱ्यांत पगाराच्या तक्रारीचे अर्ज असतात. त्यांच्या शेजारी हा एक अर्ज ठेवावयास काही खर्च येत नाही. मी तर म्हणतो, प्रत्येक हमाल पंचायतीने आणि प्रत्येक यंत्रमाग संघटनेने तो ठेवावा.

न्यूझीलंडच्या तीन डॉक्टरांनी एका माणसाच्या दुखऱ्या टाचेवर चार ओळी लिहिल्या, म्हणून आज जगातल्या लक्षावधी माणसांना सावध करता येते. तो माणूस कोण होता, काय काम करीत होता, हे आपल्याला ठाऊक नाही. पण त्याची टाच वहीत आली. आपल्या हमालाचीही आली पाहिजे.